कोरड्या सालाचा मोंढा

दिवाळीचा पाडवा उलटून चार दिवस झाले होते आणि मोंढ्यातील, म्हणजे धान्यबाजारातील, दुकानांच्या उंबरठ्यांवरून वहीपूजनाची हळद अजून पुरती पुसली गेली नव्हती, अशा एका सकाळी मी छत्रपती संभाजीनगरच्या स्थानकावरून मनमाडकडे जाणारी गाडी धरली. प्रवास लांबचा नव्हता. दौलताबाद, पोटूळ आणि त्यानंतर लासूर, एवढाच काय तो पल्ला. परंतु ज्या स्थानकावरून आपण शेकडो वेळा पुढे गेलो आणि जेथे उतरण्याचे प्रयोजन कधी पडले नाही, तेथे हेतुपुरस्सर उतरण्यात परदेशगमनाइतकीच उत्सुकता असते, असा माझा अनुभव आहे.

प्रयोजन पडले ते असे. माझा भाचा नोकरीनिमित्त कॅनडातील सॅस्काचेवान प्रांतात राहतो. २०२१ सालच्या अवर्षणात तिकडच्या अफाट मैदानांवरील गहू गुडघ्याइतकाच वाढून पिवळा पडला, त्याची छायाचित्रे त्याने मला तेव्हा धाडली होती, आणि आता २०२३चा आमच्याकडील ऑगस्ट, म्हणजे १९०१पासूनच्या नोंदींत देशाने पाहिलेला सर्वांत कोरडा ऑगस्ट, कसा गेला हे वाचून त्याने फोनवर विचारले, "मामा, पाऊस लांबला की इकडचा शेतकरी आधी बाजारभाव उघडून बघतो. आपल्याकडचा काय बघतो?" प्रश्न साधा होता. मोंढ्यापासून हाकेच्या अंतरावर तीस वर्षे राहून, दरमहा तेथूनच ज्वारी आणि डाळ आणून, मला त्याचे उत्तर देता आले नाही, याची मला लाज वाटली. आणि लाज वाटल्यावर मनुष्याने घराबाहेर पडावे, हे बरे.

गाडीने छावणी मागे टाकली आणि दौलताबादचा डोंगर उजवीकडे वर आला. या किल्ल्याविषयी बोलताना आपण तुघलकाच्या लहरीवर येऊन थांबतो. पण कोरड्या सालात त्याच्याकडे पाहिले की आठवतात ती १६३० नंतरची वर्षे, जेव्हा पावसाने पाठ फिरविली, दख्खन आणि गुजरात ओस पडले आणि त्या दुष्काळाच्या पाठोपाठ, १६३३ मध्ये, निजामशाहीचा हा अजिंक्य म्हणविला जाणारा गड मोगलांच्या हाती पडला. इतिहासकार तोफा आणि सुरुंग यांची चर्चा करतात, ती करावी. परंतु वेढ्यातील शिबंदीचा निकाल शेवटी अंबारखान्याने लावला. धान्य कोठे साठलेले आहे, कोणाच्या कुलुपात आहे आणि ते बाहेर कधी काढावयाचे, हा प्रश्न या मुलखात राज्ये उलथविण्याइतका जुना आहे.

खिडकीबाहेरची जमीन दोन प्रकारची होती आणि ती दर मैलाला पालटत होती. कोठे रेल्वेच्या भरावाला लागून काळी, जड, ओलावा धरून ठेवणारी. तर कोठे लगेच पांढुरकी बरड, जिच्या वीतभर थराखाली मुरूम लागतो आणि जिच्यावर आठवड्याचे ऊन पडले की पिकाची मान वळते. सह्याद्रीचा पाऊस घाटमाथ्यावर रिता होऊन येथवर जो काही पोहोचतो तो वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास. वैजापूर-गंगापूरच्या बाजूला त्याहूनही हात आखडलेला. एवढ्या पावसावरही चांगले पीक येते, नाही असे नाही. पण तो पाऊस कधी पडतो यावर सगळे अवलंबून असते, आणि किती पडला एवढेच सरकारी पर्जन्यमापकाला ठाऊक असते.

लासूरला उतरून गंगापूर तालुक्यातील एका वस्तीवर मी पोहोचलो. माझ्या एका प्राध्यापक मित्राचे वडील, ज्यांना सारी वस्ती अण्णा म्हणते, तेथे नऊ एकर जमीन कसतात. त्यांनी मला ओसरीवर बसू दिले नाही. "पाव्हणं, चहा मंग. आधी रान बघा, ऊन चढल्यावर तुमच्यानं व्हायचं न्हाई," म्हणून ते पुढे निघाले.

मक्याचे रान मोकळे झाले होते, पण बांधावर थोडी कणसे सोलून टाकलेली होती. अण्णांनी त्यातले एक उचलून माझ्या हातात दिले. बुडाशी दाणे दाट, पिवळे, टपोरे. मध्यावर आल्यावर ओळी तुटू लागलेल्या. आणि शेंड्याकडचा तिसरा हिस्सा नुसता बोडका, जणू कोणी दाणे वेचून नेले असावेत. "हे कुणी खाल्लं न्हाई," अण्णा म्हणाले, "हे आभाळानं खाल्लं." त्या वर्षी मोसमी पाऊस राज्यात जूनच्या शेवटच्या आठवड्यात पसरला, त्यामुळे पेरण्या जुलैत गेल्या, जुलैने बरी साथ दिली आणि पीक कमरेला आले, नंतर मक्याला तुरा पडून कणसातून केसर बाहेर यावयाची वेळ आणि पावसाचा खंड एकाच पंधरवड्यात गाठले. मक्याच्या आयुष्यात तहान सोसण्याचे दिवस पुष्कळ असतात, पण हे दहा-बारा दिवस त्यांपैकी नव्हेत. परागकण उन्हाने करपतात, केसर वाळते, आणि ज्या केसराला पराग लाभला नाही त्याच्या मुळाशी दाणा धरत नाही. सप्टेंबरात पडलेला पाऊस त्या रिकाम्या जागा भरून देऊ शकत नाही.

तूर मात्र त्याच खंडात उभी राहिली. कपाशीच्या ओळींमध्ये तिची झाडे पिवळ्या फुलांनी भरली होती आणि कोठे कोठे शेंगा धरत होत्या. तिचे मूळ खोल जाते, ती उन्हाळी नवरीसारखी सावकाश वाढते, आणि तिची खरी गरज दसरा-दिवाळीच्या ओलीची असते. जालन्याकडे जाताना बदनापूर लागते. तेथील संशोधन केंद्राने, जे परभणीच्या कृषी विद्यापीठाचे आहे, बीडीएन ७११ नावाचे लवकर येणारे तुरीचे वाण दिले ते याच हिशेबाने, की हलक्या रानातील ओल संपण्याआधी शेंग भरून निघावी. बाजरीचे तर विचारूच नये. बाजरी ही गरिबाची मुलगी, मिळेल त्यावर संसार करते. म्हणजे एकाच नऊ एकरांत, एकाच आभाळाखाली, एका पिकाचे नुकसान पुरे झाले होते, दुसऱ्याचे अजून ठरावयाचे होते आणि तिसरे कणगीत जाऊन पडले होते. शहरातील वृत्तपत्र वाचणाऱ्याला 'पिके वाया गेली' असे एकच वाक्य वाचावयास मिळते; त्याच्या पोटात एवढे भेद असतात, हे मला त्या बांधावर कळले.

नंतर अण्णांनी मला शाळूच्या रानात नेले. रब्बी ज्वारीला या भागात शाळू म्हणतात, आणि मोहोळच्या केंद्रात पूर्वी निवडलेली मालदांडी आजही तिची मानाची जात आहे. ही ज्वारी पावसावर येत नाही. ती पाऊस गेल्यानंतर जमिनीने पोटात राखून ठेवलेल्या ओलीवर, आणि थंडीतल्या दवावर येते, म्हणून हस्ताचा पाऊस, ज्याला शेतकरी 'हत्ती' म्हणतो, तो पडला की नाही याची चर्चा या दिवसांत लग्नाच्या बोलण्यांहूनही अधिक चालते. रान अर्धेच पेरलेले दिसले. मी कारण विचारले, तेव्हा ते खाली बसले, पंज्याने वरची भुसभुशीत माती बाजूला सारली, मनगटाएवढे खोल उकरले आणि मूठभर माती काढून मुठीत दाबली. मूठ उघडली तेव्हा मातीचा गोळा क्षणभर धरून राहिला आणि मग भेगा पडून बोटांतून सांडला. "लाडू वळला पाहिजे," ते म्हणाले. "तिकडच्या अंगाला वळतोय, तिथं पेरलं. हितं न्हाई वळत. बियाणं टाकलं तर मुंग्याच नेतील." उरलेल्या अर्ध्या रानात त्यांनी काहीच पेरले नाही. मला वाटते, भाच्याच्या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला अर्धा भाग त्या मुठीत होता; बाजार पाहण्याच्या आधी या देशातील शेतकरी माती पाहतो आणि विकण्याच्या निर्णयाआधी पेरण्याचा, किंवा न पेरण्याचा, निर्णय करतो.

दुसरा अर्धा भाग जेवताना निघाला. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा पुढ्यात असता मी अण्णांना विचारले, की मका किती झाला आणि कोठे आहे. एकरी वीस-बावीस क्विंटल व्हावयाचा तेथे नऊ झाला होता, आणि तो पाडव्याआधीच विकला गेला होता. कोरड्या सालात आवक कमी, म्हणजे भाव पुढे चढणार, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नव्हे. ते माझ्याहून चांगले ठाऊक होते. पण सोसायटीचे देणे होते, हरभऱ्याचे बियाणे घ्यावयाचे होते, मक्याला पावसाळी हवेत भुंगा लागतो, आणि घरातली जागा कापसाने अडविली होती. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली ती माझ्या ध्यानीमनी नव्हती. ऑगस्टच्या अखेरीस, मक्याला दाणा भरणार नाही हे दिसू लागताच, शेजारच्या वस्तीवरील एका तरुणाने आपला दोन एकर मका कणसासकट हिरवाच कापून एका गोठेवाल्याला मुरघासासाठी दिला होता. धान्य म्हणून त्याचे जे आले असते त्याहून वैरण म्हणून अधिक आले. "त्यानं बरोबर केलं," अण्णा म्हणाले, "पण माझ्यानं झालं न्हाई. कणीस दिसल्यावर कापायला हात उठत न्हाई."

कोरड्या सालातील बाजाराचा हा कोपरा शहरवासीयाच्या दृष्टीआड राहतो. दाण्याचा भाव सर्वांना दिसतो, कडब्याचा दिसत नाही. आणि शाळू पेरणारा शेतकरी पुष्कळदा दाण्यासाठी जितका पेरतो तितकाच कडब्यासाठी पेरतो. शेकड्याच्या हिशेबाने विकल्या जाणाऱ्या पेंढ्यांचा भाव ज्या वर्षी चढतो, त्याच वर्षी गुरांचा भाव उतरतो, कारण ज्याच्याकडे वैरण नाही तो बैल बाजारात आणतो आणि घेणाऱ्याकडेही वैरण नसते. वैरण विकावी की जनावरे राखावीत, हा प्रश्न दाणे कधी विकावेत या प्रश्नाच्या आधी येतो, आणि त्याचे उत्तर चुकले तर पुढच्या मृगाला औताला जुंपावयास बैल उरत नाही, अथवा अलीकडे ट्रॅक्टरच्या भाड्याला रोकड उरत नाही.

घराच्या मागे अण्णांनी मला एक जागा दाखविली, जेथे पूर्वी पेव होते. जमिनीत खोदलेल्या, तोंड अरुंद आणि पोट रुंद अशा त्या खड्ड्यात त्यांच्या आजोबांच्या वेळी ज्वारी राहत असे. आत आणि वर कडबा लावून तोंड मातीने लिंपत, आणि उघडताना आतील कोंदट वायूने मनुष्य मरू नये म्हणून आधी कंदील सोडून पाहत. १९७२ च्या दुष्काळात ते पेव शेवटचे रिकामे झाले आणि मग बुजविले गेले. त्या वर्षीची आठवण काढताना अण्णा प्रथमच हसले. तेव्हा ते दहा-बारा वर्षांचे होते. रेशनवर अमेरिकेतून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी मिळे, तिची भाकरी थापताना तुटे, आणि आई म्हणे की ही ज्वारी समुद्र ओलांडताना रडली असावी. खडी फोडण्याच्या कामावर त्यांचे वडील जात. त्याच कामांतून पुढे वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि तो देशाने पुढे उचलला, हे प्रसिद्धच आहे. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे, की त्या लाल ज्वारीनंतर या घराने पाळलेला एक नियम आजतागायत मोडलेला नाही: वर्षाचे खाणे घरात पडल्यावाचून ज्वारीचे पोते दाराबाहेर जात नाही, भाव काहीही असो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाधववाडीच्या मोंढ्यात होतो. शहरातील जुना मोंढा मी बालपणापासून ओळखत होतो, त्याच्या दगडी ओट्यांसकट. जाधववाडीचे आवार त्या मानाने प्रशस्त आणि अनोळखी. 'मोंढा' हा शब्द मराठवाड्याबाहेर गेल्यावर समजावून सांगावा लागतो, आणि त्यामागे निजामी राजवटीचा मोठा इतिहास आहे. हैदराबाद संस्थानाने शेतमालाच्या बाजाराचा कायदा केला तो १३३९ फसलीत, म्हणजे १९३० मध्ये. ज्या सनाचे नावच फसल या शब्दावरून पडले त्या सनात हा कायदा नोंदला गेला, हा योगायोग मला आवडतो. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची रीत, जिच्यात माल धन्याचा पण भाव त्याला न कळणारा, अशा कायद्यांनी हळूहळू मोडली आणि उघड हर्रास आला. महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा त्यानंतर १९६३ मध्ये आला.

हर्रास पाहण्यासारखा असतो. ढिगाभोवती खरेदीदारांचे कडे पडते, पुकारणारा एका दमात भाव चढवितो, मापाडी आणि हमाल दोन पावले मागे उभे असतात, आणि ज्याचा ढीग तो शेतकरी त्या कड्यात बहुधा सर्वांत मागे असतो. बाजरी आणि मका होता, थोडे सोयाबीन होते. तूर यावयाला अजून महिना होता. एका खरेदीदाराने मक्याच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला, आतली मूठ काढली, दोन दाणे दाताखाली फोडले आणि "ओल हाय," एवढे बोलून तो पुढे गेला. हमीभावाने सरकारी खरेदी व्हावयाची तर मक्यातील आर्द्रता १४ टक्क्यांच्या आत आणि सोयाबीनमधील १२च्या आत असावी लागते. त्या वर्षी मक्याचा हमीभाव २०९० रुपये, बाजरीचा २५००, सोयाबीनचा ४६०० आणि तुरीचा ७००० होता. कोरड्या वर्षी माल तरी कोरडा असेल, असे कोणास वाटेल. पण सप्टेंबराच्या उशिराच्या पावसाने तो ओला केलेला, आणि रोकडीच्या निकडीने वाळण्याआधीच येथे आणलेला.

माझ्या परिचयाचे एक अडते, वयाने सत्तरीचे, गादीवर पाय पोटाशी घेऊन बसले होते. मी त्यांना भाच्याचा प्रश्न सांगितला. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "साहेब, कोरड्या सालात तेजी दोनदा येते. एकदा बातमीची, एकदा मालाची. बातमीची ऑगस्टात येते, तेव्हा शेतकऱ्याच्या घरात जुनं काही नसतं. मालाची येते होळीनंतर, तेव्हा त्याच्या घरात नवं काही नसतं. मधे दिवाळी येते. दिवाळीला त्याला पैसे लागतात." याहून नेमके विवेचन मला अर्थशास्त्राच्या ग्रंथात आढळलेले नाही. पुढे त्यांनी एक कागद चष्म्याजवळ धरला आणि तुरीकडे वळले. तुरीचा भाव त्या वेळी हमीभाव मागे टाकून दहा हजारांच्या पलीकडे गेला होता. पण केंद्र सरकारने २ जूनला तूर आणि उडीद यांच्या साठ्यावर मर्यादा घातली होती आणि सप्टेंबराच्या अखेरीस ठोक व्यापाऱ्याची मर्यादा २०० टनांवरून ५० टनांवर आणली होती. ज्याने घेऊन ठेवावे त्याचेच हात बांधले, म्हणजे नवी तूर आली की तो भाव टिकेल कसा, अशी त्यांची तक्रार होती. ती व्यापाऱ्याची तक्रार होती आणि तिच्यात स्वार्थ होता, हे मला दिसत होते. परंतु शहरात डाळ महाग झाल्याची ओरड होते तेव्हा आपला स्वार्थ आपणास दिसतो का, हेही त्याच वेळी मनात आले.

येथे सॅस्काचेवानकडे एक नजर टाकणे आवश्यक आहे. ती भूमीही काळी, सपाट, आणि पावसाला पारखी. १८५७ ते १८६० या काळात जॉन पॅलिसरच्या मोहिमेने त्या प्रदेशाचा एक मोठा त्रिकोण शेतीस अयोग्य ठरविला होता. लोकांनी ते ऐकले नाही, नांगर घातला, आणि १९३० नंतरच्या दशकात धुळीच्या वादळांनी शेते उडवून नेली. त्याच दशकात, १९३५ मध्ये, तेथे सरकारी गहू मंडळ स्थापन झाले. पुढे पश्चिम कॅनडातील शेतकऱ्याला गहू त्या मंडळाखेरीज कोणास विकण्याची मुभाच उरली नाही, आणि ही मक्तेदारी २०१२ पर्यंत टिकली. आमच्याकडे कापसाच्या एकाधिकार खरेदीची योजना १९७२ च्या सुमारास सुरू झाली ती ज्यांनी अनुभवली, त्यांना या गोष्टीचे गुणदोष समजावून सांगणे नको. आता तेथील शेतकरी स्वतंत्र आहे. त्याच्या आवारात पत्र्याच्या उंच टाक्या असतात, त्यांत तो वर्ष-दीड वर्ष धान्य राखू शकतो, आणि पेरणीच्या आधीच पुढच्या मालाचा सौदा करून भाव बांधून घेऊ शकतो. २०२१ मध्ये याच सौद्याने पुष्कळांचा घात केला. वसंतात ठरलेल्या भावाने अमुक टन माल देण्याचा कबाला त्यांनी लिहून दिलेला. उन्हाळ्यात पीक जळाले. शरदात भाव दुप्पट. आणि जो माल पिकलाच नाही त्याच्या फरकाची रक्कम व्यापारी कंपन्यांना मोजून देण्याची पाळी त्यांच्यावर आली. साठवण नसल्यामुळे अण्णांना भाव मिळाला नाही, आणि भाव आधीच बांधून घेतल्यामुळे तिकडच्यांना.

आमच्याकडे वायद्याचा तो मार्ग त्या वेळी बहुतांशी बंद होता. सोयाबीन, हरभरा, गहू अशा मालांचे वायदे डिसेंबर २०२१ पासून थांबविलेले होते. उरतो तो तारणाचा. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवावा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत उचल सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी घ्यावी, आणि भाव चढला की माल विकून उचल फेडावी. योजना उत्तम आहे. मी तिची प्रशंसा ऐकूनच गेलो होतो. परंतु तिचा लाभ घ्यावयास गोदामापर्यंत नेण्याइतका माल असावा लागतो. नऊ एकरांतील कोरड्या सालाचे पंचवीस-तीस क्विंटल टेम्पोत घालून, वाळवून, चाळून, प्रतवारी करून तेथवर न्यावयाचे, त्याचे भाडे आणि हमाली काढावयाची, आणि शंभरातले पंचाहत्तर हाती घेऊन सोसायटीचे शंभर कसे फेडावयाचे, हे गणित ओसरीवर बसून केले की वेगळे निघते.

तिसऱ्या दिवशी मी पैठणला जाऊन आलो. नाथसागराचा पायाचा दगड लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये बसविला आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचे लोकार्पण केले. २७ दरवाजांचा तो बांध पाहावयास त्या दिवशी कोणी फारसे आले नव्हते. पाणी निम्म्याहूनही कमी होते आणि काठच्या चिखलावर वाळलेल्या भेगांची जाळी पडली होती. नाशिक-नगरच्या वरच्या धरणांतून ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा हुकूम ऑक्टोबराच्या अखेरीस निघाला होता आणि पाणी अद्याप यावयाचे होते. कालव्याखालील रानात गहू पेरावा की हरभऱ्यावर भागवावे, याची चर्चा एका चहाच्या टपरीवर चालली होती. गव्हाला चार-पाच पाळ्या पाहिजेत, हरभरा एक-दोनवर येतो. धरणातील पाणी किती, त्यातले पिण्याला किती राखणार आणि शेतीला पाळी किती मिळणार, हे ठरविणारी बैठक शहरात होते. पण पेरणीचा निर्णय त्याआधीच, टपरीवर, अंदाजाने झालेला असतो.

तहसील कचेरीतील कारभाराविषयी थोडे सांगितलेच पाहिजे. पूर्वी आणेवारी होती, मग रुपयाचे पैसे झाले तशी ती पैसेवारी झाली. पन्नासच्या आत पैसेवारी लागली की टंचाई. आता उपग्रहाने पिकांची हिरवाई मोजतात, जमिनीतील ओल आणि भूजल पाहतात, आणि मग गावोगाव सत्यमापन करतात. या रीतीने राज्याने ३१ ऑक्टोबरला ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यांत या जिल्ह्यातील छत्रपती संभाजीनगर आणि सोयगाव हे दोन होते. नोव्हेंबरात आणखी १०२१ महसुली मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती मान्य झाली. जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीस स्थगिती आणि कर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, परीक्षा शुल्काची माफी, अशी सवलतींची यादी आहे आणि तिची निंदा करण्याचे मला कारण नाही. मात्र वसुलीला स्थगिती मिळण्याची तारीख आणि मका विकण्याची तारीख यांत जे दहा-पंधरा दिवसांचे अंतर पडले, तेवढ्यात बहुतेकांचा माल मोंढ्यातून पुढे निघून गेला होता.

मी परत आलो आणि आठवड्याने, नोव्हेंबराच्या शेवटच्या दिवसांत, मराठवाड्यावर अवकाळी पाऊस आला. वेचणीला आलेला कापूस भिजला. पण ज्या रानात मातीचा लाडू वळत नव्हता तेथेही ओल झाली. मग डिसेंबराच्या पहिल्या पंधरवड्यात दिल्लीहून दोन दिवसांत तीन फर्माने निघाली. उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास बंदी झाली, कारण कोरड्या सालाने ऊस घटविला आणि साखर पुरावयाची नव्हती. त्यामुळे इथेनॉलसाठी मक्याला मागणी येणार, अशी मोंढ्यात बोलवा उठली. कांद्याच्या निर्यातीवर बंदी झाली, आणि लासूर-वैजापूरच्या बाजारांत ज्यांचा लाल कांदा नुकताच येऊ लागला होता त्यांचा चेहरा उतरला. आणि पिवळ्या वाटाण्यावरील आयात शुल्क उठविले गेले, म्हणजे हरभऱ्याच्या डाळीला आणि बेसनाला स्वस्त पर्याय जहाजांनी येऊ लागणार. तो वाटाणा मुख्यत्वे येतो कोठून, तर कॅनडाच्या मैदानांतून. मी भाच्याला फोन करून हे सांगितले, तेव्हा तो बराच वेळ हसत राहिला आणि म्हणाला, की त्याच्या घरासमोरच्या शेतात यंदा वाटाणाच होता.

नंतर मी अण्णांना फोन लावला. पाऊस कसा झाला, विचारले. उरलेल्या अर्ध्या रानात हरभरा टोचला, म्हणाले. मी त्यांना तिन्ही हुकूम वाचून दाखविले आणि मोठ्या गांभीर्याने, शहरातील माणसे विचारतात तसे, विचारले, की आता यांतले काय विकणार आणि काय ठेवणार.

"मका तर पाडव्याआधीच दिला," ते म्हणाले. "कांदा आम्ही लावलाच न्हाई, पाणी कुठंय? तूर अजून झाडावर हाय. हरभऱ्याचं तुम्हीच आत्ता सांगितलं."

"आणि शाळू?"

"शाळू व्हय?" पलीकडे कोणीतरी गुरांना हाकारत होते, त्या आवाजात अण्णांचे शब्द थोडे बुडाले. "शाळू विकायला न्हाई, पाव्हणं. शाळू खायला हाय."